रिंग नसलेला खांब

आमच्या उर्दू शाळेच्या मैदानात एक लोखंडी खांब आहे. त्याला फळी आहे, रिंग नाही. दुपारची खिचडी खाऊन झाली की मुलं त्या फळीवर चेंडू आपटतात. मुली भिंतीच्या सावलीत बसून बघतात.

परवा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मिस, इसकू रिंग कब लगेगी?" मी पटकन म्हणाले, "पहले गणित की कॉपी दिखाओ." ती गप्प झाली. पुसदला परतताना एसटीत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, कारण ते माझं नव्हतंच. मी सातवीत असताना अब्बांनी मला हेच ऐकवलं होतं.

अब्बांना खेळाचं वावडं नव्हतं. गुलाम अब्बास मुंतसिर हे नाव ते फार अभिमानाने घेत. मुंबईच्या नागपाड्याचा मुलगा, भारताच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. "अपने मोहल्लेसे उठा," असं म्हणत, जणू नागपाडा आमच्या गल्लीच्या पलीकडेच आहे. आणि त्याच अब्बांनी माझं मैदान बंद केलं. मुलगी मोठी झाली, लोक काय म्हणतील, एवढंच कारण. मी भांडले नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पुढे त्या नागपाड्याविषयी मी वाचलं. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये तिथे नेबरहूड हाऊस उभारलं होतं. आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची सुरुवात १९३६ मध्ये तिथेच झाली. (बी.एड.ला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.) तिथेच वस्तीतली पोरं अनवाणी बास्केटबॉल खेळू लागली. मुंतसिरही अनवाणीच शिकले. बूट नव्हते, पण रिंग होती आणि फाटक उघडं होतं.

भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकला एकदाच खेळला, १९८० मध्ये मॉस्कोला. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून संधी मिळाली, आणि तिथे सगळे सामने हरला. मुंतसिर १९४२ चे. तोवर त्यांचे खेळायचे दिवस सरले होते. आयुष्यभर ज्या दाराशी उभं राहावं, ते आपण निघून गेल्यावर उघडावं! मी आता छत्तीसची आहे. आम्हा शिक्षकांची निवृत्ती अठ्ठावन्नला. खेळाडूची माझ्याच वयाला येते. मग उरलेल्या वर्षांचं त्याने काय करायचं? नागपाड्यातून मात्र नंतरही खेळाडू येत राहिले. एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

रविवारी बाजारातल्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कितने फुट पे लगाना?" मी म्हटलं, "दस." १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून माप आजही तेच.

"लडकियाँ खेलेंगी ना? थोडा नीचे लगा देता."

"नको चाचा, दसच." पैसे पगार झाल्यावर देते म्हणाले. ते हो म्हणाले.