सहासष्टीनंतर

१ फेब्रुवारी, काउंटी क्लेअर

आज सेंट ब्रिजिडचा दिवस. वारा अंग गोठवणारा, तरी आयर्लंडमध्ये जुन्या रीतीप्रमाणे वसंत आजपासूनच धरतात. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली.

दुपारी शेजारीणबाईंच्या स्वयंपाकघरात लव्हाळ्याचे क्रॉस विणत बसलो. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर चढवायची, पाव फेरा वळवायचा, की पुढची काडी. फिरवता फिरवता मधला चौकोन घट्ट भरत जातो. मग चारही टोकं दोऱ्याने बांधायची. हा क्रॉस वर्षभर दारावर राहतो. त्यांची बोटं संधिवाताने वाकलीत, पण वीण कुठे सैल नाही! सोबतीला सोडा ब्रेड, म्हणजे ताक आणि खाण्याचा सोडा घालून केलेला, यीस्टशिवायचा पाव. वर जाडसर लोणी. आणखी काय हवं?

या देशाचं मला फार आवडतं ते हे, की म्हाताऱ्यांचा आनंद इथे सरकारही मनावर घेतं. शंभरी गाठली की राष्ट्राध्यक्षांचं पत्र येतं, सोबत २,५४० युरो. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो फुकट प्रवासाचा पास. १९६७ साली ही योजना सुरू झाली. आता सहासष्टी गाठलेल्या, इथे कायम राहणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. खेड्यात एकट्या राहणाऱ्या बाईला मुलांच्या गाडीची वाट बघावी लागत नाही, हे केवढं सुख आहे!

गुरुवारी आम्ही दोघी बसने एनिसला जाणार आहोत. काम काही नाही, नुसत्या चहाला.