पोटखराबा

सन 1957च्या वैशाखात, मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असताना, भूदानकार्यास सर्वस्व वाहिलेल्या एका स्नेह्याशी एका गावच्या चावडीत रात्रभर जो वाद झाला, तो आजही माझ्या मनातून जात नाही. तेलंगणातील पोचमपल्लीस 18 एप्रिल 1951 रोजी भूमिहीनांनी भूदानाचे प्रणेते विनोबा भावे यांच्याकडे 80 एकर मागितले असता तेथले जमीनदार रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केले, ही हकीकत सांगताना त्यांचा कंठ दाटून येई. आणि पाच पुत्रांच्या पित्याने आपणांस सहावा पुत्र मानून षष्ठांश द्यावा, ही विनोबांची मागणी ऐकून माझेही अंतःकरण हेलावले होते.

परंतु त्याच सकाळी मी दानातली जमीन पाहून आलो होतो. दानपत्रात सात एकर, त्यांपैकी पाच एकरांची सातबाराच्या उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी नोंद. आणि ज्याला ती मिळाली तो शेतमजूर पहारीने मुरूम उकरीत होता. पहार खणखणे, ठिणगी उडे, मूठभर माती मात्र निघत नसे. जमीन त्याच्या नावावर करणारा फेरफार झालेला नव्हता, बैल नव्हते, आणि नाव लागल्यावाचून तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा, अर्ज दाखल होत नव्हता.

हे सारे मी मांडले. दात्याने खडक दिला, तर त्याचे हृदयपरिवर्तन अपुरे, असे ते म्हणाले. भूदानाचा पाच कोटी एकरांचा संकल्प वर्षअखेर पुरा होण्याचे चिन्ह दिसेना, तर कार्यकर्त्यांची तपश्चर्या अपुरी. यश आले तर ते हृदयपरिवर्तनाच्या तत्त्वाचे, अपयश आले तर ते माणसाचे, असा तो हिशेब होता.

शेवटी मी विचारले, "भाऊ, काय घडले तर तत्त्वातच उणीव आहे असे तुम्ही मानाल?"

"तसे काही घडणेच शक्य नाही," ते शांतपणे म्हणाले.

त्या शांतपणात अहंकार नव्हता, निखळ श्रद्धा होती, आणि म्हणूनच मी अधिक व्यथित झालो. कारण ज्या विचाराला चुकण्याची मुभाच नाही, त्याच्या कानी त्या पहारीचा आवाज पोचावा कसा?

उजाडता उजाडता तो मजूर चावडीच्या पायरीशी येऊन बसला. "भाऊसाहेब, मिरग जवळ आला. पेरू कुठं?"

स्नेही कितीतरी वेळ त्याच्या फोड आलेल्या तळव्यांकडे पाहत राहिले. मग माझ्या हातातला टाक त्यांनीच घेतला आणि ते फेरफाराचा अर्ज लिहावयास बसले.