फ्लॅटमधली दिवाळी

राजवाड्याजवळचे जुने घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा चुलीची राख सुटली, अंगण सुटले. दिवाळीची सफाई काही सुटली नाही. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तेव्हा भाषेतली चूकभूल पालकांनी पदरात घ्यावी.)

2006 च्या दिवाळीत आम्ही बाथरूमच्या फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली आणि डाग जाईनात म्हणून वरून ॲसिड ओतले. झोंबणारा वायू उठला. तो क्लोरीन होता. खिडकी जेमतेम वीतभर. शेजारच्या खोलीत सासूबाई खोकून खोकून बेजार झाल्या, त्यांना उचलून जिन्यात आणून बसवावे लागले. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांच्या घरी हे घडले, याची लाज अजून वाटते.

तेव्हापासून पितळेला चिंच-मीठ, नळावरच्या पांढऱ्या थराला लिंबू किंवा व्हिनेगर, सिंकला खाण्याचा सोडा. सोडा-व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्यात अर्थ नाही. दोघेही एकमेकांचा जोर मारतात. संगमरवराला मात्र लिंबू नको, चकाकी जाते.

त्याच सोड्याची चिमूट नानखटाईत. पूर्वी पत्र्याचे ट्रे घेऊन भट्टीवर रांग लावायचो. आता कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून, वर जाळी ठेवून दहा मिनिटे तापवतो. वाटीभर घट्ट तूप, तितकीच पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन, वेलदोडा. मंद आचेवर 20-25 मिनिटे.

पहिली नानखटाई सासूबाईंची. "खालून लागली आहे," म्हणतात आणि दुसरी उचलतात.