इन आणि आउट : दोन खुणांच्या बाहेर राहिलेले

संगणकावर चित्रफितीचे संकलन करताना ‘आय’ ही कळ दाबली की तुकड्याचा आरंभ ठरतो, ‘ओ’ दाबली की शेवट. इन पॉइंट आणि आउट पॉइंट. खूण चुकली तर पुन्हा करावी. मूळ चित्रण जागच्या जागी असते. ही चैन फार जुनी नाही.

चित्रपटाच्या फिल्मवर चित्र डोळ्यांना दिसते, म्हणून संकलक मेणाच्या पेन्सिलीने हव्या त्या चौकटीवर रेघ ओढत असे. १९५६ साली अँपेक्स कंपनीची दोन इंची व्हिडिओ टेप आली आणि पंचाईत झाली. टेपवर काहीच दिसत नाही, नुसती तपकिरी पट्टी! मग तिच्यावर लोहकणांचे द्रावण लावायचे, उमटलेल्या चुंबकीय रेषा सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायच्या आणि दोन चौकटींमधली सीमा सापडली की तिथे पाते चालवायचे. खूण करणे म्हणजे जवळजवळ कापणेच होते.

१९६७च्या सुमारास टाइमकोड आला. प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद आणि क्रमांक असा पत्ता मिळाला. १९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या भागीदारीतून ‘सीएमएक्स ६००’ हे यंत्र निघाले. त्यात संकलक पडद्यावरचे कृष्णधवल चित्र पाहून प्रकाशलेखणीने खुणा करी. टेपला पाते लागतच नसे. हाती उरे ती आकड्यांची यादी. अशा यादीच्या प्रत्येक ओळीत मूळ टेपवरचा आरंभ व शेवट आणि तयार कार्यक्रमातला आरंभ व शेवट असे चार आकडे असतात. त्यात एक गंमत आहे : शेवटाचा आकडा वापरलेल्या अखेरच्या चौकटीचा नसतो, न वापरलेल्या पहिल्या चौकटीचा असतो. वजाबाकी केली की लांबी थेट मिळते.

इतिहासाच्या दृष्टीने त्या न वापरलेल्या चौकटीच अधिक बोलक्या ठरतात.

३ मार्च १९९१. लॉस एंजेलिसमध्ये पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला रस्त्यावर मारत होते. जॉर्ज हॉलिडे याने घराच्या सज्जातून ते टिपले आणि टेप स्थानिक वाहिनीला दिली. वाहिनीने सुरुवातीचा अस्पष्ट भाग गाळला. पुढे जगभर दिसली ती बहुतांशी ही आखूड आवृत्ती. गाळलेल्या सेकंदांत किंग उठून एका अधिकाऱ्याच्या दिशेने झेपावताना दिसतो.

ज्यूरीने मात्र टेप पूर्ण पाहिली. बचावाच्या वकिलांनी त्याच सेकंदांवर बोट ठेवले आणि पुढचे दृश्य चौकट-चौकट थांबवून ‘समजावले’. २९ एप्रिल १९९२ रोजी चौघे अधिकारी जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. घरोघरी लोकांनी पाहिलेले आणि न्यायालयाने पाहिलेले यांत अंतर पडले होते. शहर पेटले, ५०हून अधिक माणसे गेली. त्या काही सेकंदांनी पुढची मारहाण क्षम्य ठरत नाही, हे स्वच्छ सांगायला हवे. १९९३ साली फेडरल न्यायालयात दोघे दोषी ठरलेच. पण ती सेकंदे प्रथमपासून लोकांसमोर असती, तर बचावपक्षाच्या हाती एवढे हत्यार आले नसते.

आणि जिला पूर्ण म्हणतात, ती टेपही मधूनच सुरू होते. तिच्याआधीचा महामार्गावरचा पाठलाग तिच्यात नाही. हॉलिडे झोपेत होता. बाहेरच्या गोंगाटाने त्याला जाग आली आणि कॅमेरा घेऊन तो सज्जात पोहोचला, तिथे तिचा इन पॉइंट पडला.