आचारी आणि आचार्य

संगणकाच्या विद्येवर साहित्याच्या मासिकात काही लिहावे, हे आमच्या वाचकांस कदाचित रुचणार नाही. फायलींच्या राशीतून मान वर काढून आपण चार घटका मराठी वाचावयास बसतो, ते काही आज्ञावलींची वर्णने ऐकण्यासाठी नव्हे. परंतु बदलीवर कोलकात्यास आल्यापासून येथील काही मराठी मंडळींच्या संकेतस्थळाची देखभाल आमच्या गळ्यात पडली आहे, आणि त्या निमित्ताने आमच्या वहीत ज्या ओळी जमत गेल्या, त्यांचा संबंध यंत्रापेक्षा आपल्या अक्षरांशीच अधिक आहे.

तसे पाहिले तर ह्या कामास कोलकात्याइतके योग्य गाव नाही. देशातला पहिला अंकीय संगणक येथेच आला. १९५५ साली महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेले एचईसी-२एम हे यंत्र बसले. त्याची स्मृती अवघी १०२४ शब्दांची होती. त्याच्याही दीडशे वर्षे आधी, १८०५ साली, हुगळीच्या काठी श्रीरामपुरास विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. तेथल्या छापखान्यासाठी देवनागरीचे साचे कोरले ते पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर ह्या बंगाली कारागिरांनी. हे आम्हांस येथे वारंवार आठवते, कारण ह्या विद्येतील आमचा गुरूही सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणारा एक बंगाली तरुणच आहे. वयाने तो आमच्या मुलाएवढा. पण विद्येच्या प्रांतात ज्येष्ठतायादी चालत नाही.

वहीतली पहिली ओळ त्यानेच लिहून दिली. पानाच्या अगदी आरंभी, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, 'मेटा चारसेट यूटीएफ-८' असे सांगून टाकावे. ते न सांगितल्यास वाचणारे यंत्र अंदाज बांधते, आणि तो चुकला की मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर नाना प्रकारच्या टोप्या घातलेली रोमन अक्षरे उभी राहतात.

दुसरी ओळ आमच्या विशेष आवडीची. पानाची भाषा 'एमआर' म्हणजे मराठी आहे, असे एचटीएमएलच्या पहिल्याच खुणेत नोंदवावे. पुष्कळांस ही निव्वळ औपचारिकता वाटते. परंतु हिंदीच्या वळणाचा ल आणि श निराळा, मराठीचा निराळा. २००९ च्या शासननिर्णयात आपल्या वळणाची अक्षरे मुद्दाम दाखविलेली आहेत. संगणकाच्या कोशात मात्र दोहोंस मिळून एकच क्रमांक आहे. काही टंकांत दोन्ही वळणे साठविलेली असतात, आणि भाषा सांगितली तरच मराठी वळण बाहेर पडते. आम्ही ती दोन अक्षरे भरली, पान पुन्हा उघडले, आणि आपल्या शाळेतल्या फळ्यावरचा ल समोर आला. परमुलखात राहिल्याखेरीज ह्या आनंदाची किंमत कळावयाची नाही.

सभासदांच्या यादीचा प्रश्न थोडा नाजूक होता. कोशातील क्रमांकांनुसार यादी लावली तर काळे हे काशीकरांच्या आधी येतात, कारण तेथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसविलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. 'इंटल कोलेटर' नावाच्या सोयीस 'एमआर' एवढे सांगितले की काशीकर पुढे येतात. ज्यांचे आयुष्य ज्येष्ठतायाद्या पाहण्यात गेले, त्या मंडळींस ही सुधारणा ताबडतोब पटली.

खरी कसोटी लागली ती ऱ च्या बाबतीत. आडनावात ऱ्ह असलेल्या एका वयोवृद्ध बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांचा जुन्या स्मरणिकेतला लेख शोधला. 'काहीही सापडले नाही' असे उत्तर आले. लेख तर तेथे होता. आम्ही स्वतः तो वाचलेला होता. बाई दूरध्वनीवर एवढेच म्हणाल्या, "म्हणजे त्यांचे नावही आता राहिले नाही का हो?" त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

कारण शोधता कळले ते असे. हा अर्धा र दोन प्रकारांनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त मिळून, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, यंत्रास मात्र ते दोन निरनिराळे शब्द. एनएफसी ह्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. आमच्या तरुण गुरूला हे समजावून सांगावे लागले नाही. बंगालीतला खंड-त पूर्वी अशाच अदृश्य जोडखुणेच्या आधाराने लिहावा लागे. २००५ साली युनिकोडच्या ४.१ आवृत्तीत त्यास स्वतंत्र घर मिळाले. "आमादेर दुःख आगेर," असे म्हणून तो हसला.

उपाय एका ओळीचा आहे. साठविताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, र-हलन्त-जोडखूण ह्या तिघांच्या जागी ऱ-हलन्त घालावे. मात्र क्रम सांभाळावा. अदृश्य खुणा म्हणजे केरकचरा समजून त्या आधीच झाडून टाकणाऱ्या आज्ञावली सर्रास आढळतात. तसे झाले की उरतो साधा र आणि हलन्त. मग 'आचाऱ्यास पैसे दिले' ह्याचे 'आचार्यास पैसे दिले' होते, आणि स्वयंपाकघरातील मनुष्य एकदम गुरुकुलात जाऊन बसतो.

ही ओळ बसविल्यावर आम्ही बाईंस दूरध्वनी केला. त्यांनी नाव पुन्हा घातले. लेख सापडला, आणि आम्हांस ठाऊक नसलेला आणखी एक सापडला, नाट्यप्रयोगावरचा. तो त्यांनी आम्हांस तेथेच, दूरध्वनीवर, सबंध वाचून दाखविला.