शेजारी कोणाला बसवायचं? – दोन मांगा मालिका वाचताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन मांगा मालिका वाचून काढल्या. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे आता आठवी-नववीच्या मुलांना सांगावं लागत नाही, आपल्यालाच सांगावं लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या डोळ्यांची, टोकदार केसांची जी चित्रं दिसतात ना, ती तिथूनच आलेली. दप्तरातून असं पुस्तक निघालं की बहुतेक शाळांत ते काढून घेतात आणि पालकसभेपर्यंत कपाटात ठेवतात. काढून घेतो त्यात आहे तरी काय, एवढं कळावं म्हणून मी वाचायला बसले.

पहिले दोन दिवस तर पानं उलगडण्यातच गेले. पुस्तक आपल्याकडे जे मागचं पान असतं तिथून सुरू होतं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. इंग्रजी भाषांतरातही हाच क्रम ठेवलेला असतो. पण एकदा नजर बसली की मग सात खंड चार दिवसांत संपतात, हे मी अनुभवाने सांगते.

पहिली मालिका योशितोकी ओइमा यांची ‘कोए नो काताची’. शब्दशः अर्थ ‘आवाजाचा आकार’. इंग्रजीत तिचं नाव ‘अ सायलेंट व्हॉइस’. 2013 ते 2014 या काळात ती जपानमधल्या एका साप्ताहिकात क्रमशः आली. शीर्षकातला ‘आवाज’ हा शब्द लेखिकेने जुन्या चिन्हाने लिहिला आहे आणि त्या चिन्हाच्या पोटात ‘कान’ या अर्थाचं चिन्ह आहे. भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशी गोष्ट दिसली की तिथंच दहा मिनिटं जातात. ओइमांच्या आई सांकेतिक भाषेच्या दुभाषी. या कथेचा पहिला, छोटा मसुदा 2008 मध्ये नवोदितांच्या स्पर्धेत निवडला गेला, पण विषय नाजूक म्हणून बरीच वर्षं छापला गेला नाही. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

नाजूक काय, तर गोष्ट सहावीच्या वर्गातली आहे. शोको निशिमिया ही कर्णबधिर मुलगी वर्गात नव्याने येते. तिच्याकडे एक वही असते. माझ्याशी बोलायचं असेल तर यात लिहा, असं ती सगळ्यांना सांगते. वर्गातला खोडकर, कंटाळलेला शोया इशिदा तिला त्रास द्यायला लागतो. आधी नकला, मग कानामागे ओरडणं, मग कानातलं यंत्र ओढून फेकून देणं. एकूण 8 श्रवणयंत्रं जातात. नुकसान 17 लाख येन.

छळ कसा वाढत जातो हे आपण शिक्षकांनी चौकटीगणिक बघावं. शोकोची प्रकट वाचनाची पाळी येते. ती तिच्या पद्धतीने, अडखळत, वेगळ्या उच्चारांनी वाचते. मग शोया त्याच्या पाळीला तसंच वाचून दाखवतो आणि वर्ग हसतो. शोयाच्या अशा विनोदांवर गुरुजीही हसतात. नंतर ते त्याला बाजूला घेऊन समजही देतात. पण तिचा त्रास होतो हे मी समजू शकतो, असा त्यांचा सूर असतो. मारकुटे नाहीत, दुष्ट नाहीत. साधे, दमलेले, वर्ग पुढे न्यायचा आहे असे गुरुजी. मला हे पात्र वाचताना फार अस्वस्थ व्हायला झालं, कारण असा माणूस खलनायक म्हणून रंगवणं सोपं होतं आणि लेखिकेने ते केलेलं नाही.

मला मात्र या भागात शोयापेक्षा नाओका उएनो या मुलीबद्दल जास्त बोलायचं आहे. पुस्तकावर बोलणारे बहुतेक लोक तिला ‘वाईट मुलगी’ म्हणून सोडून देतात. सुरुवातीला हीच नाओका शोकोला मदत करत असते. आता कोणतं पान, सर काय म्हणाले, गृहपाठ काय, सगळं वहीत लिहून देते. रोज. प्रत्येक तासाला. मग तिचं स्वतःचं लिहायचं राहायला लागतं. ती वैतागते. वैताग आधी टोमण्यांत उतरतो, मग हसण्यात, मग छळात. या सगळ्यात एकही मोठा माणूस तिला विचारत नाही की बाई, तुला हे जमतंय का?

आता आपल्याकडे बघा. 2009 चा शिक्षणाचा हक्क कायदा आहे, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. विशेष गरजा असलेलं मूल नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात शिकेल, हे तत्त्व आपण मान्य केलंय आणि ते योग्यच आहे. प्रशिक्षणात आपल्याला ‘समवयस्क साहाय्य’ शिकवतात. वर्गात येऊन त्याचं काय होतं? ‘हिच्या शेजारी एक हुशार, शांत मुलगी बसवा.’ झालं समावेशन! ती हुशार, शांत मुलगी पुढचे दहा महिने दुभाषी, लेखनिक, पाठीराखीण सगळं होते. वय वर्षं अकरा. तिचे गुण घसरले तर तिची आई चिडते, ती स्वतः चिडली तर आपण तिला संवेदनशीलतेवर व्याख्यान देतो. उएनोच्या वागण्याचं समर्थन मला करायचं नाही, पुढे ती फार क्रूर वागते. पण तिची गोष्ट जिथं सुरू होते ती जागा आपल्या ओळखीची आहे.

त्याच शाळेत आणखी एक शिक्षिका वर्गात येऊन सुचवतात की रोज थोडा वेळ सगळ्यांनीच सांकेतिक भाषा शिकूया. म्हणजे ओझं एका मुलीवरून सगळ्या वर्गावर वाटलं जाईल. किती साधा उपाय! साहारा नावाची एक मुलगी लगेच हात वर करते. बाकीचे नाक मुरडतात, वहीत लिहिणं सोपं आहे म्हणतात. साहाराला ‘चांगलं दिसायची हौस’ म्हणून चिडवतात आणि ती शाळेत यायचीच बंद होते. हात वर करणाऱ्या मुलाच्या मागे त्याच क्षणी कोणी उभं राहिलं नाही की काय होतं, ते या दोन-चार पानांत दिसतं.

मग तो प्रसंग. मुख्याध्यापक वर्गात येतात, श्रवणयंत्रांबद्दल विचारतात. गुरुजी सगळ्यांसमोर शोयाचं नाव घेऊन त्याला उभं करतात. शोया म्हणतो, मी एकटा नव्हतो. ज्यांची नावं तो घेतो ते सगळे अंग काढून घेतात. त्या दिवसापासून तोच वर्ग शोयाला छळायला लागतो. त्याचे जिवलग मित्रच पुढे असतात. वर्ग तोच, सवय तीच, फक्त माणूस बदलला. गुरुजींच्या हिशेबी प्रकरण मिटलेलं असतं.

याच काळात एक गोष्ट घडते, जी शोयाला फार उशिरा कळते. रोज सकाळी त्याच्या बाकावर शिव्या लिहिलेल्या असायच्या आणि शोको लवकर येऊन त्या पुसायची. त्याने तिला बाकाशी पाहिलं, गैरसमज केला, दोघांची मारामारी झाली. ती शाळा सोडून गेली आणि मग एके दिवशी बाक लिहिलेलाच राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मी हा भाग नववीच्या मुलांना तोंडी सांगितला आणि विचारलं, सरांना हे कसं कळलं नसेल? मला वाटलं, मुलं म्हणतील सर वाईट होते. एक मुलगी म्हणाली, “बाई, सर घंटा झाल्यावर येतात ना. हे सगळं घंटेच्या आधी होतं.”

पुढची गोष्ट हायस्कूलमधली. शोया आता एकटा आहे, स्वतःचा तिटकारा करणारा. त्याला लोकांच्या चेहऱ्याकडे बघता येत नाही. हे दाखवायला लेखिकेने प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मोठी फुली काढली आहे. कोणी जवळचं वाटलं की ती फुली गळून पडते. गद्यात हे सांगायला मला परिच्छेद लागला असता. तसंच एक प्रकरण शोकोच्या बाजूने आहे. त्यात फुग्यांमधली अक्षरं अर्धवट, पुसट, तुटलेली आहेत. आपण डोळे ताणून वाचतो, निम्मं लागतं, निम्मं नाही, आणि चार पानांत थकून जातो. वर्गात कर्णबधिर मूल ‘लक्ष देत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच प्रकरण वाचलं तरी चालेल. आणखी एक प्रसंग आहे. शोको हातवारे न करता, स्वतःच्या आवाजात ‘सुकी’ म्हणते, म्हणजे तू मला आवडतोस. शोयाला ऐकू येतं ‘त्सुकी’, म्हणजे चंद्र. तो आकाशाकडे बघतो! एका व्यंजनाचा फरक.

सगळंच पटलं असं नाही. शोको फार सहन करते, सारखी माफी मागते. मधल्या खंडांत मला वाटायला लागलं की लेखिकेने तिला देवी करून ठेवलंय. अपंग व्यक्ती म्हणजे सोशिक आणि गोड, हा साचा आपल्या पाठ्यपुस्तकांतही कमी नाही. पण पाचव्या-सहाव्या खंडाकडे येताना कळतं की तिची ती माफी हाच तिचा आजार आहे. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, हे तिने लहानपणापासून ऐकलंय. मूल ऐकू शकत नाही हे कळल्यावर वडील आणि त्यांच्या घरच्यांनी दोष आईच्या माथी मारून नातं तोडलेलं असतं. हे वाचताना मी जपान विसरले. आपल्या गावात हेच, ह्याच शब्दांत होतं.

दुसरी मालिका त्यामानाने हसरी. हिरोमु अराकावा यांची ‘गिन नो साजी’, म्हणजे ‘चांदीचा चमचा’. इंग्रजीत ‘सिल्व्हर स्पून’. 15 खंड. अराकावा स्वतः होक्काइदोमधल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरात वाढलेल्या, त्यामुळे शेण, चारा, दूध, कर्ज सगळं खरं वाटतं. नायक हाचिकेन हा शहरी, अभ्यासू मुलगा. घरच्या अपेक्षांना आणि गुणांच्या शर्यतीला कंटाळून तो वसतिगृह असलेल्या कृषी शाळेत जातो. बाकीची मुलं शेतकऱ्यांची, पुढे काय करायचं ते ठरलेलं. याला मात्र काय हवंय तेच माहीत नाही. त्याचा मोठा भाऊ तर वडिलांच्या इच्छेप्रमाणे तोक्यो विद्यापीठात प्रवेश मिळवतो आणि मिळाल्यावर सोडून देतो. दहावीच्या निकालानंतर आमच्याकडे येणाऱ्या काही पालकांच्या हातात मी हाच खंड ठेवणार आहे.

इथले मोठे लोक काय करतात ते बघण्यासारखं आहे. हाचिकेन कळपातल्या सगळ्यात अशक्त पिल्लाला जीव लावतो. ते डुक्कर पुढे कापलं जाणार, हे त्याला माहीत असतं. नाव ठेवू नकोस, असं त्याला सांगतात. तो ठेवतो, तेही ‘बुतादोन’, म्हणजे डुकराच्या मांसाची भाताची वाटी! शिक्षक त्याला अडवत नाहीत, समजूत घालून दुसरीकडे वळवतही नाहीत. शेवटी सुट्टीत राबून मिळवलेल्या पैशांतून तो त्याचं सगळं मांस विकत घेतो, त्याचं बेकन करतो आणि मित्रांबरोबर खातो. शाकाहारी घरात वाढलेल्या मला ही पानं जड गेली. तरी असा पाठ मी शिकवू शकले असते का, हा विचार पिच्छा सोडत नाही. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं मत असं की जगण्यासाठी पळून आलेल्या मुलाने त्याची लाज बाळगायचं कारण नाही. आपल्याकडे विज्ञान शाखा सोडून आलेल्या मुलाला हे कोण सांगतं?

शाळा चांगली असली तरी सगळं सुटत नाही. कोमाबा या मुलाच्या घरची शेती कर्जापायी जाते आणि त्याला शाळा सोडावी लागते. गुरुजी, मित्र, कोणी काही करू शकत नाही. अराकावांनी इथे चमत्कार घडवला नाही, हे मला आवडलं.

पालकांसाठी थोडं. ‘मुलांना मांगा द्यावा का’ हा प्रश्न ‘मुलांना पुस्तक द्यावं का’ इतकाच ढोबळ आहे. कोणता, हे बघावं लागतं. मुखपृष्ठावर बहुधा वयोगट लिहिलेला असतो, तो वाचा. ‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये आत्महत्येचा विचार आहे आणि प्रयत्नही आहे, तोही नायक-नायिका दोघांच्या बाबतीत. त्यामुळे नववीच्या आधी नको आणि नंतरही आधी आपण वाचून मगच. घरात असा प्रसंग घडून गेला असेल किंवा मूल आधीच खचलेलं असेल, तर हे पुस्तक त्याच्या हातात एकट्याने देऊ नका. त्यावर 2016 मध्ये आलेला चित्रपटही सुंदर आहे, पण दोन तासांत सात खंड मावत नाहीत. शिक्षकाची बाजू तिथं बरीच आखूड झाली आहे, म्हणून आपण पुस्तकच वाचावं.

जूनमध्ये बैठक व्यवस्था ठरवताना आमच्या शाळेत यावर थोडं बोलणं झालं. नोंदी लिहून देण्याचं काम दर आठवड्याला वेगळ्या जोडीकडे, आणि पान क्रमांक व गृहपाठ शिक्षकाने स्वतः फळ्यावर लिहायचा, एवढं ठरलं. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, आठवड्याला जोडी बदलली तर मैत्री कशी होणार? मुद्दा खरा आहे. दिवाळीपर्यंत बघू.

माझा पहिला खंड सध्या एका विद्यार्थ्याच्या आईकडे आहे. मुलाने नेला होता, आईनेच ठेवून घेतला. दुसरा कधी देता, असा काल निरोप आलाय.