कानसेनांचे कान

कान या अवयवाची आपल्याकडे कुणी फारशी पत्रास ठेवीत नाही. लहानपणी मास्तर तो पिळतात, मोठेपणी लोक तो भरतात, आणि म्हातारपणी तो ऐकेनासा झाला की 'हल्ली माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात' असे म्हणून आपण मोकळे होतो! तानसेन होणे नशिबी नाही म्हणून आपण कानसेन होतो. पण गवई गळ्याला जपतो, तसा कोणता कानसेन कानाला जपतो?

आमचे मेहुणे अप्पा हे जातिवंत कानसेन. उभी हयात त्यांनी दादरला, रुळांलगतच्या जागेत काढली. लोकल धडधडत आली की ते आवाजाची कळ पुढे पिळायचे. गाडी गेल्यावर ती मागे फिरवायची आठवण मात्र कुणालाच राहत नसे. डोक्यावर पंखा घरघरायचा, त्याच्यासाठी आणखी एक पीळ. पुढे अक्काने हात जोडले तेव्हा घरात हेडफोन आला. घराला शांतता मिळाली. सगळी मैफल अप्पांच्या दोन कानांत जाऊन बसली.

गेल्या वर्षी मला म्हणाले, "काय रे, हल्ली या जुन्या गाण्यांच्या नव्या प्रतींतून तानपुरा काढून टाकतात की काय?"

तानपुरा चांगला झणझणत होता. अक्काने माझ्याकडे पाहिले, मी पंख्याकडे पाहिले. खर्ज त्यांना ऐकू येत होता. पण जवारीची ती वरची झळाळी, जी फार उंच नादांची बनलेली असते, तेवढी पुसली गेली होती.

कानाच्या आत शंखासारखा एक वेटोळा आहे. त्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या वाकतात, दमतात आणि शेवटी मरतात. डोक्यावरचा केस गळला तर माणूस तेलाची बाटली आणतो; या केसांच्या गळतीचा पत्ता कुणाला लागत नाही. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात नाही. (निसर्गाने हा पक्षपात का केला असावा? कोंबडीला यमन ऐकायचा नाही!) आधी जातात त्या उंच नाद ऐकणाऱ्या पेशी. म्हणून आवाज येतो, पण 'स', 'त', 'फ' निसटतात. 'सात' म्हटले की 'हात' ऐकू येतो. अप्पांच्या बाबतीत वयाचा वाटा किती आणि आवाजाचा किती, हे श्रवणतज्ज्ञ बाईंनाही वेगळे करता आले नाही.

त्यांनी सांगितलेला हिशेब मात्र मला वाण्याच्या खात्यासारखा पटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो. पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९२ ला अवघे अडीच! कळीचा एक छोटासा पीळ, आणि आठवड्याची शिधापत्रिका सोमवारीच संपली. (फटाक्यांविषयी मी बोलत नाही, सणासुदीला घरात वाद नकोत.)

तेव्हापासून आमच्याकडे गाणे लागले की आधी खिडकी लागते आणि पंखा बंद होतो. खोली शांत असली की कळ आपोआप खाली राहते. खुर्ची ध्वनिपेटीजवळ सरकवली तरी तेच साधते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर गाणे फार मोठे आहे असे समजायचे. नातवाच्या फोनवर आवाजाची मर्यादा साठ टक्क्यांवर बांधून दिली आहे. गाणे संपल्यावर कानात शिट्टी वाजली, तर तो कानांनी केलेला तक्रार-अर्ज समजून दुसऱ्या दिवशी सुट्टी!

अप्पांनी श्रवणयंत्र घेतले. पहिल्या दिवशी त्यांना अक्काच्या बांगड्या ऐकू आल्या, आणि पिशवीची चुरचुर इतकी, की ते दचकले. यंत्र मुळात बोलण्यासाठी बेतलेले. गाण्यासाठी बाईंनी त्याची निराळी जुळणी करून दिली. संध्याकाळी आम्ही तेच गाणे लावले. मी विचारले, "तानपुरा?"

"आहे," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "पण तो आमचा नव्हे रे."

अक्का उठली आणि तिने पंखा बंद केला.